अक्काच्या नाकाला सगळीच अंडी नासकी

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला आम्ही दोघीजणी. मी चतुराबाई, आन् माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी सत्यशीलाअक्का. गाव चाकूरपासून आठ किलोमीटर, शाळा पहिली ते पाचवी, लेकरं बासष्ट. माझ्या जिभेला हाड न्हाई हे गावाला ठाऊक हाय, तवा आधीच सांगते, ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या. पण त्या बुधवारी गाव अक्काला जे बोललं, त्याची सुरवात माझ्याच तोंडातनं झाली.

अक्काचं माहेर देवणीकडचं. बापाच्या गळ्यात माळ, आज्याच्या गळ्यात माळ, आन् सात वर्षांची असताना अक्काच्याबी गळ्यात तुळशीची माळ पडली. सासर मिळालं तेबी माळकरीच. त्यांच्या घरात अंड्याला अंडंसुदिक म्हणत न्हाईत, "ते" म्हणतात. रस्त्यात टरफल पडलेलं दिसलं तर अक्का दुसऱ्या गल्लीनं जायची. एकदा उदगीरला पाव्हण्याच्या लग्नात कळलं की आचाऱ्यानं आदल्या दिवशी त्याच पातेल्यात मटण केलतं. बाईनं दोन दिवस केळी आन् शेंगदाण्यावर काढले, पण वऱ्हाडाच्या पंगतीला बसली न्हाई. नवरा वारल्यावर दोन एकर रान दिराकडं बटईनं दिलं आन् शाळेच्या खिचडीवर लागली. हाताला चव अशी, की बासष्ट लेकरांतलं एकबी ताटात दाणा ठेवत न्हाई.

मग सरकारनं आठवड्याला एक अंडं द्यायचं काढलं. जे खात न्हाईत त्यांना केळं. गावात लई गलका झाला. भजनी मंडळानं "शाळेत अंडी नको" म्हणून कागद केला, त्याच्यावर अक्काचा अंगठा. पण कागदाला कोण विचारतंय? अंडी आलीच. मी म्हणलं, "अक्का, तुमी कामून फिकीर करून राहिल्या? बुधवारी अंडी माझी, खिचडी तुमची." माझ्या घरात कोंबडं चालतं, मला काय त्याचं? तवापासून बुधवारी मी अंगणात दगडाची चूल मांडून अंडी उकडायची आन् अक्का आत पदर नाकाला बांधून बसायची. मी मुद्दाम खिजवायची, "अक्का, कोंबडी तर दाणे खाती, तुमच्यापेक्षा जास्ती माळकरी हाय ती." अक्का आतनं ओरडायची, "आन् उकिरड्यावरचा किडा खाती तो काय परसाद हाय व्हय गं?"

हसत होते मी, पण खरं सांगू का, माझंबी तेच. माझ्या मालकाच्या दोस्तानं एकदा सुके बोंबील आणून दिले. दोस्त म्हणायचा, भाजून खा, भाकरीसंगं अमृत लागतंय. मला ते अमृत घरात ठेवल्यावर चार दिवस जेवण गेलं न्हाई. शेवटी गाठोडं उचलून नाल्यात फेकलं. कोंबडं चालतंय, बोकड चालतंय, आन् बोंबलाच्या वासानं आतडी वर येतात. कामून ते मला सांगता येत न्हाई. जे चुलीवर बघत आपण वाढलो तेवढंच आपल्याला अन्न वाटतं, बाकी सगळी घाण.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. नियम असा हाय की लेकरांच्या आधी अर्धा तास स्वयंपाकीणीनं आन् गुरुजीनं जेवणाची चव घ्यायची, आन् वहीत सही करायची. आमचे हेडमास्तर सिद्रामप्पा सर लिंगायत. त्यांच्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत येत न्हाई. ते खिचडी चाखायचे आन् अंड्याच्या रकान्यात डोळे झाकून सही ठोकायचे. अक्का अंगठा करायची. खरं तपासणारी मी एकटी. आख्ख्या शाळेत अंड्याचं नाक तेवढं माझं होतं, आन् ते किती मोठं काम हाय हे तवा माझ्याबी डोक्यात शिरलं न्हवतं.

मार्च सरत आलता. मागल्या बुधवारी शाळेला अचानक सुट्टी लागली आन् अंड्यांचे ट्रे तसेच पत्र्याच्या खोलीत राहिले. आठ दिवस. ऊन असलं की पत्र्याला हात लावला तर भाजावं. मला ठाऊक होतं ते. मंगळवारी कुलूप लावताना मी ट्रे बघितलेबी. पण बुधवारी सासूच्या डोळ्याला लातूरला न्यायचं होतं, म्हणून अक्काला एवढंच म्हणलं, "उद्या अंडी ऱ्हाऊ द्या, परवा मी बघते." शिळी हायत, फेकायची हायत, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, आळस केला. उद्या बघू म्हणलं.

बुधवारी सकाळी सरांना फोन आला म्हणं, जेवण तपासायला साहेब येणार. सरांचं तोंडचं पाणी पळालं. अंड्याचा दिवस आन् ताटात अंडं न्हाई, हे कसं चालायचं? ते अक्काच्या हातापाया पडले. "बाई, आजच्या दिवस उकडा. हाताला पिशवी बांधा, पण उकडा." अक्कानं हाताला दुधाच्या पिशव्या बांधल्या, नाकाला पदराचे तीन वेढे दिले, तोंड भिंतीकडं फिरवलं आन् चाळीस अंडी उकडली. सोलताना दोनदा बाहेर जाऊन ओकली. साहेब काही आलाच न्हाई.

मी साडेबाराच्या टमटमनं आले. सासूला घरी सोडून तशीच शाळेकडं. फाटकापाशीच मला वास आला. नासक्या अंड्याचा वास लपत न्हाई हो, ज्याला ठाऊक हाय त्याला. बघते तर लेकरं रांगेत बसलेली, ताटात अंडी. मोठी लेकरं नाक मुरडून अंडं बाजूला सारून राहिली होती. पण पहिली-दुसरीची बारकी, त्यांना काय कळतंय? मी तशीच धावत सुटले. "टाका! टाका ते! हात लावू नका!" ताटांवरनं हातानं अंडी उडवली. एकाच्या तोंडातनं बोट घालून काढलं. आन् ओरडले, सगळ्यांच्या देखत ओरडले, "अक्का, काय इख घातलंस गं लेकरांना!"

अक्का चुलीपाशी उभी. हातात अजून त्या पिशव्या. म्हणली, "मी काय केलं गं चतुरे? नेहमीसारखाच तर वास हाय."

अकरा लेकरांनी घास घेतलता. त्यांना मिठाचं पाणी पाजलं, ओकवलं. दहा जणांचं निभावलं. पण दुसरीतली राजकन्या, शेषेरावाची नात, तिनं दोन खाल्लती. स्वतःचं एक, आन् शेजारच्या पोरीनं नको म्हणलेलं एक. तिच्या घरी आई-बाप ऊसतोडीला गेलेले, आज्जा आन् ती, ज्वारीची भाकर आन् तिखटाची पूड. शाळेतलं अंडं तिला सणावाणी. दोन वाजता ती ओकायला लागली ती थांबंना. अडीचला हगवण. तीनला डोळे फिरवले. सरांच्या गाडीवर मधी पोरगी, मागं शेषेराव, अशी चाकूरच्या दवाखान्यात नेली. जाताना तिचा हात लोंबकळत होता. मी ते ट्रे बघितलते. मला ठाऊक होतं.

चार वाजेपर्यंत शाळेच्या अंगणात गाव गोळा झालं. नातीला सलाईन लावून, चाकुरात राहणाऱ्या जावयाला तिच्यापाशी बसवून शेषेराव सरांसंगं परत आला. अक्कापाशी जाऊन म्हणला, "सत्यशीलाबाई, अंडी बंद करायला कागद केलता तुमी. त्यानं भागलं न्हाई, म्हणून माझ्या लेकराचा जीव घेता व्हय?"

मागनं कुणीतरी म्हणलं, "महिन्याखाली हापशावर हीच म्हणली, अंड्यानं एकांद्या दिवशी लेकरांना इख होईल म्हणून."

"हाव, मीबी ऐकलं."

"चतुराबाईसुदिक म्हणली, इख घातलं म्हणून. ती तर संगं काम करती!"

आगं माय! माझाच शब्द फिरून आलता. खरं बोलायचं तर आधी ट्रेचं सांगावं लागणार. ट्रेचं सांगितलं तर हीच माणसं माझ्याकडं वळणार. मला भ्या वाटलं, लई भ्या वाटलं. एरवी गावभर चुरूचुरू बोलणारी मी, खांबाला टेकून गप उभी राहिले. अक्का नळाखाली हात धुवत होती. धुतलेले हात परत धुवत होती.

शेषेराव म्हणला, "पोरीचं बरंवाईट झालं तर हिला गावात ठेवायचं न्हाई. सर, पोलिसाला बोलवा." सरांनी फोन हातात घेतला. सही त्यांचीबी होती न्हवं, नंबर लावायला वेळ काढून राहिले.

तवा मी पुढं झाले. कुठनं जीव आला ठाऊक न्हाई. म्हणलं, "थांबा. ती अंडी आठ दिवसांची होती. मला ठाऊक होतं आन् मी सांगितलं न्हाई. आन् अक्कानं मुद्दाम न्हाई दिली. तिला नासकं आन् ताजं कळतच न्हाई."

"असं कुठं असतंय?" शेषेराव म्हणला. "नासक्या अंड्याचा वास लहान लेकराला कळतो."

"ज्यानं चांगलं खाल्लंय त्याला कळतो, आप्पा. हिला समदीच घाण. घाणीत नासकी घाण कोणती हे ती काय सांगणार? खोटं वाटत असंल तर बघा."

मी घरी पळाले. माझ्या कोंबडीनं सकाळीच घातलेलं अंडं होतं, ते आणलं, सगळ्यांच्या समोर उकडलं, सोललं. उकिरड्यात फेकलेल्यातलं एक उचललं. दोन वाट्या, वर दोन ताटल्या. अक्काला वट्यावर बसवलं, तिचेच डोळे तिच्या पदरानं बांधले. म्हणलं, "अक्का, वास घ्या. नासकं कोणतं ते सांगा."

आता बघा माझी काय गत. जन्मात पयल्यांदा मी देवाला म्हणत होते की हिचं चुकू दे. बरोबर सांगितलं तर संपलं. आन् नुसतं अंदाजानं सांगितलं तरी दोनातलं एक बरोबर निघतंच की! तवा कुठं ध्यानात आलं, की मी आपल्याच हातानं तिच्या गळ्याला दोरी लावली. पण आता मागं फिरायचं कसं? आख्खं गाव डोळे लावून बघून राहिलं होतं.

पहिली वाटी उघडली. माझ्या कोंबडीचं, ताजं, अजून वाफ निघत होती. अक्कानं वास घेतला न घेतला तोच तिचं अंग आखडलं. गळ्याच्या शिरा वर आल्या. "हे... हेच..." म्हणली आन् वट्याच्या कडेला वाकून भडाभडा ओकली. सकाळपासून पोटात काही न्हवतं, नुसतं पिवळं पाणी आलं. तशीच तोंड पुसून म्हणली, "दुसरं दे." दुसरी वाटी उघडल्याबरोबर पुढची माणसं नाक धरून मागं सरली. अक्कानं वास घेतला. परत तसंच अंग आखडलं. म्हणली, "हेबी तसंच हाय. पण पहिलं जास्ती खराब. पहिलं फेका."

शेषेरावानं खाली वाकून दोन्ही वाट्या हुंगल्या. ताजं अंडं हातात घेऊन किती तरी वेळ बघत राहिला. मग सरांकडं वळून विचारलं, "सर, सही तुमचीबी हाय. तुमाला तरी कळतंय का?"

सर मान खाली घालून म्हणले, "मी कधी वास घ्यायलाबी जवळ गेलो न्हाई."

"मग बासष्ट लेकरांच्या घासावर नजर कुणाची होती?" म्हातारा एवढंच म्हणला. माझ्याकडं बघून म्हणला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

पोलिसाला कुणी बोलवलं न्हाई, पण घरीबी कुणी गेलं न्हाई. सगळी तिथंच बसली. अक्का वट्यावर, मी तिच्या पायाशी. दर पाच मिनिटाला कुणी तरी सरांच्या फोनकडं बघायचं. त्या दीड तासात मी काय काय नवस बोलले! माहूरच्या रेणुकाआईला म्हणलं, लेकरू उठू दे, पायी येते. अक्का माळेचा एकेक मणी धरून बसलेली, ओठ हलत न्हवते. मी म्हणलं, "अक्का, मी आधीच बोलायला पायजे होतं." ती म्हणली, "आधी पोरीचा फोन येऊ दे."

दिवस कलायच्या टायमाला फोन आला. पोरगी शुद्धीवर हाय, पाणी मागितलं, डॉक्टर म्हणले आता भ्यायचं काम न्हाई. शेषेराव मटकन खाली बसला आन् लहान लेकरावाणी रडला. बायका रडल्या. मीबी रडले. अक्का तेवढी उठली आन् पातेली घासायला गेली.

दोन आठवड्यांनी राजकन्या शाळेत आली. हाडं मोजून घ्यावी इतकी वाळलेली. डॉक्टरनं म्हणं सांगितलतं, हिला रोज दूध द्या, अंडं द्या. दूध कुठनं आणायचं, हे कोण सांगणार? त्या बुधवारी अंडी माझ्या डोळ्यासमोर ताजी आलती. नासकं वर तरंगतं म्हणून पाण्यात एकेक सोडून बघितलं, उकडली, फोडून हुंगली, स्वतः एक खाल्लं. सगळ्यात मोठं राजकन्याच्या ताटात ठेवलं.

पोरीनं ते तोंडापाशी नेलं आन् तिचं तोंड पांढरं पडलं. अंग आखडलं. गळ्याच्या शिरा वर आल्या. अंडं ताटात टाकून म्हणली, "मावशी, घाण येऊन राहिली."

"अगं ताजं हाय ते, मी खाल्लं की."

"न्हाई. घाण हाय. मला केळं द्या."

मी हसून म्हणलं, भेली हाय, खाईल मग हळूहळू. पण अक्का दारातनं बघत होती. जिला गावानं खुनी म्हणलं तरी डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाई, ती बाई तिथंच चौकटीला धरून खाली बसली. म्हणली, "चतुरे, माझं नाक लागलं गं तिला."

"काय बोलता अक्का? लहान हाय, विसरून जाईल."

"न्हाई विसरत. मी विसरले का पन्नास वर्सांत? एकदा घाण म्हणलं की संपलं." ती पोरीच्या वाळलेल्या हातांकडं बघत म्हणली, "मला काय कमी होतं? माझ्या बापाच्या दावणीला दोन गायी होत्या. दूध होतं, तूप होतं, डाळ होती. माझं घाण म्हणणं खपून गेलं. हिच्या घरी काय हाय? हिनं घाण म्हणलं तर ही काय खाऊन मोठी होणार?"

आन् मग अक्कानं गळ्यातली माळ काढली. सात वर्षांची असताना पडलेली माळ. मी म्हणलं, "अक्का, न्हाई. अक्का, असं करू नका." मला खरंच भ्या वाटलं, आभाळ कोसळंल असं वाटलं. पण तिनं माळ माझ्या हातात दिली, राजकन्यापुढं मांडी घालून बसली, ताटातलं अंडं उचललं आन् अर्धं तोडून तोंडात घातलं.

सगळी लेकरं घास थांबवून बघायला लागली. अक्का चावत होती. अंग दोनदा आतनं उचंबळून आलं, तिनं तोंडावर हात दाबला, परत चावलं, परत दाबलं. गिळलं. डोळ्यातनं नुसत्या धारा. गळ्यापाशी हात धरून, श्वास घेऊन म्हणली, "बघ, राजकन्ये. काही होत न्हाई."

पोरगी तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. म्हणली, "पण मावशी, तुमी तर रडून राहिल्या."

"रडून राहिले. पण गिळलं न्हवं?" अक्का म्हणली आन् उरलेलं अर्धं तिच्यापुढं धरलं.

पोरीनं डोळे गच्च मिटले आन् तोंड उघडलं. मी तिथंच उभी होते. माझ्या हाताला चाळीस अंड्यांचा वास, त्याच हातात अक्काची माळ, आन् ती कुठं ठेवावी ते मला कळंना.